अंतरपाटापलीकडचा प्रीॲम्प्लिफायर

वडिलांच्या मालकीची एकच रेकॉर्ड होती. लाखेची, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची. एका बाजूला अभंग, दुसऱ्या बाजूला गौळण. अभंगाच्या बाजूच्या लेबलवर गाणाऱ्या बुवांचे नाव होते आणि त्याखाली लहान अक्षरांत पेटीवाल्याचे. पखवाज कोणी वाजवला याचा उल्लेख नव्हता. वडील सांगत, तो मी वाजवला.

ते हे क्वचित सांगत, पण तपशील कधी बदलत नसे. पहिली पाळी संपवून ते परळच्या खोलीवर आले तेव्हा बुवांचा माणूस दारात उभा होता. नेहमीच्या पखवाज्याला टायफॉइड झाला होता आणि ध्वनिमुद्रण त्याच संध्याकाळी फोर्टातल्या एका स्टुडिओत होते. वडील तेव्हा पंचविशीत होते. लग्नाला दोन महिने झाले होते. पुढे बुवा वारले, पेटीवाले गावी गेले आणि तिकडेच संपले. साक्षीदार कोणी उरला नाही.

आमच्याकडे पेटीसारखा बंद होणारा एक प्लेअर होता. झाकणातच त्याचा स्पीकर. त्यावर ही रेकॉर्ड लावली की बुवांचा आवाज येई, पेटी येई. पखवाजाच्या जागी भिंतीपलीकडे कोणीतरी सामान हलवते आहे असे वाटे. दर गणपतीला नातेवाईक जमत, कोणीतरी ती लावायला सांगे, आणि मामाला संधी मिळे. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत सुपरवायझर होता आणि जेवणाच्या पंगतीत त्याच्याइतका मोठा आवाज कोणाचा नसे.

"भावोजी, ह्यात बुवा आसत, पेटी आसा. तुमचो पखवाज खंय? परळाकच इसारलात की काय?"

लोक हसत. वडीलही हसत. हसून झाले की रेकॉर्ड पाकिटात घालून कपाटात वरच्या फळीवर ठेवत आणि पुढच्या गणपतीपर्यंत तिचे नाव काढत नसत.

मी एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. कोणाचेही एकट्याचे म्हणणे छापायचे नाही, दुसरीकडून खात्री करून घ्यायची, हे तिथे पहिल्या आठवड्यात शिकवले होते. वडिलांच्या म्हणण्याची खात्री मी कधी केली नव्हती. त्यांच्यावर विश्वास होता, असे लिहिता येईल. पण उत्तर काय येईल याची धास्तीही होती, हेही लिहायला हवे.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात वडिलांची साठी आली. गिरणी बंद होऊन काही वर्षे झाली होती. परळची खोली सोडून आम्ही मुलुंड पूर्वेला दोन खोल्यांत राहत होतो आणि वडील तिथल्याच एका कारखान्याच्या फाटकावर रखवालदार होते. साठीशांतीला गावच्या मंडळातली वीस-पंचवीस माणसे येणार होती. त्यात वडिलांबरोबर पंधरा वर्षे भजनाला बसलेले लोक होते. मामा तर येणारच होता. त्या दिवशी ती रेकॉर्ड नीट ऐकवायची, असे मी ठरवले. पखवाज असला तर ऐकू येईल. नसला तर तेही कळेल, पण ते लोक जमण्याआधी, मला एकट्याला.

तीन वेगांचा टर्नटेबल, मुख्य ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर मी त्याआधीच्या दोन वर्षांत जमवले होते. राहिला होता प्रीॲम्प्लिफायर. तो काय करतो हे कार्यालयातल्या एका सहकाऱ्याला मी असे सांगितले होते: सुई बातमीदारासारखी कुजबुजते, प्रीॲम्प्लिफायर ती कुजबूज छापण्याजोगी करतो. बाजारात मिळणारे नवे ट्रान्झिस्टरवाले संच एलपीसाठी, म्हणजे नंतर आलेल्या मंद फिरणाऱ्या रेकॉर्डींसाठी होते. लाखेच्या रेकॉर्डींचे नाव काढले की दुकानदार माझ्याकडे बघत राहत. एकाने मालाडच्या भंगारवाल्यांकडे जा म्हणून सांगितले. दुसऱ्याने घाटकोपरचा पत्ता दिला.

घाटकोपरचे गृहस्थ ट्रॉम्ब्याच्या अणुकेंद्रात इलेक्ट्रॉनिक्सच्या विभागातून निवृत्त झालेले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या बाहेरच्या खोलीत काचेच्या व्हॉल्व्हचे जुने रेडिओ आणि ॲम्प्लिफायर भिंतीला लावून ठेवलेले असत. ते विकत कमी आणि तपासत जास्त. त्यांची एक पद्धत होती आणि ती मोडून कोणाला काही मिळत नसे. यंत्र बघून निवडायचे नाही. खोलीच्या मधोमध दोन खिळ्यांवर ते एक धोतर आडवे टांगत. मुलीच्या लग्नातला अंतरपाट होता तो. मधले कुंकवाचे स्वस्तिक फिकट झाले होते, तरी दिसत होते. गिऱ्हाईक अलीकडे खुर्चीवर, यंत्रे पलीकडे टेबलावर.

"तोंड बघून पसंत केलेल्या यंत्राची तक्रार घेऊन लोक महिन्याभरात परत येतात," ते म्हणाले. "कानांनी पसंत केलेलं कोणी परत आणलं नाही."

"आणि माणसांचं काय?" आतून त्यांच्या पत्नीने विचारले.

"माणसांची तक्रार ऐकायला मी कुठं दुकान मांडलंय?"

"अक्षता आणू का, तेवढं सांगा. नाहीतर चहा टाकते."

पहिल्या खेपेला मी एकटाच गेलो होतो. वडील ती रेकॉर्ड त्यांच्याशिवाय घराबाहेर जाऊ देत नसत, म्हणून गृहस्थांनी त्यांच्याकडच्या दोन जुन्या रेकॉर्डी लावल्या. आधी एका यंत्रावर, मग दुसऱ्यावर. व्हॉल्व्ह तापायला दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे ते घड्याळ बघून देत, त्यात सूट नव्हती. पहिल्या यंत्रावर आवाज मऊ होता, मागची खरखर जवळजवळ गेलेली. दुसऱ्यावर खरखर पावसाळी पत्र्यासारखी होती.

"एक नंबर," मी म्हणालो. "स्वच्छ आहे."

"उपसंपादकाचे कान," ते म्हणाले. "खरखर दिसली की काट."

त्यांनी अंतरपाट बाजूला केला. एक नंबर सोनेरी चेहऱ्याचा होता, समोर काचेची लहान खिडकी, कोण्या परदेशी साहेबाने मुंबई सोडताना विकलेला. दोन नंबर करडा होता. एका कोपऱ्याचा रंग उडालेला, एक बटण हरवल्यामुळे तिथे रेडिओचे काळे बटण बसवलेले. पण त्याच्या डाव्या अंगाला चार खुणांचे आणखी एक बटण होते. पहिली खूण एलपीची, उरलेल्या तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या जुन्या रेकॉर्डींच्या.

ते त्यांनी मला समजावून सांगितले. एलपी कोरताना उंच सूर मुद्दाम चढवलेले असतात, म्हणून वाजवताना यंत्र ते खाली आणते. लाखेच्या रेकॉर्डींत ते तसे चढवलेले नसतात. सोनेरी यंत्राला एलपीचे एकच माप ठाऊक होते. न चढवलेले सूरही ते खाली आणत होते. त्यामुळे खरखर जात होती आणि तिच्याबरोबर बरेच काही जात होते.

"काय जातं?"

"ते ज्याची रेकॉर्ड आहे त्याला कळेल. तुमची रेकॉर्ड आणा. आणि वडलांना आणा."

वडील यायला तयार होतील असे वाटले नव्हते. ते लगेच तयार झाले. पुढच्या रविवारी सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, रेकॉर्ड दोन पुठ्ठ्यांमध्ये धरून वर दोरी बांधली आणि रिक्षात ती मांडीवर घेऊन बसले. घाटकोपर येईपर्यंत प्रत्येक खड्ड्याला ती दोन्ही हातांनी उचलून धरत. अंतरपाट बघितल्यावर मात्र थांबले.

"कोणाचा लगीन?"

"तुमचंच," गृहस्थ म्हणाले. "बसा. मुलगी कशी दिसते ते विचारू नका."

वडील हसले आणि लाकडी हातांच्या खुर्चीवर बसले. मी त्यांच्या शेजारी, स्टुलावर.

आधी एक नंबर लागला. बुवांचा आवाज आला, पेटी आली, आणि पहिल्याच आवर्तनाला खालून पखवाजाची डावी बाजू आली, कणीक लावलेल्या चामड्याचा भरीव घुमारा. घरच्या प्लेअरने इतकी वर्षे गिळून टाकलेला आवाज तो हाच. मी वडिलांकडे बघितले. मामाच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते. माझ्यापुरते काम झाले होते.

वडील मान हलवत नव्हते. रेकॉर्ड संपली तेव्हा म्हणाले, "बरो आसा. पण ह्यात मी नाय."

"बाबा, पखवाज ऐकू आला की."

"पखवाज आसा रे. मी नाय."

 गृहस्थांनी सुई उचलली, तारा बदलल्या. दोन नंबरला पुन्हा दहा मिनिटे. त्या दहा मिनिटांत मी बरेच काही मनात मांडले. लेबलवर नाव नाही. साक्षीदार नाही. आता स्वतः माणूसच म्हणतो, मी नाही. बातमी असती तर ती त्या क्षणी मागे घ्यावी लागली असती.

दोन नंबर लागला. खरखर आली, आणि खरखरीच्या आत सगळे उघडे झाले. बुवांचा श्वास, पेटीच्या भात्याची फडफड, पखवाजाच्या उजव्या हाताची बोटे सुटी सुटी. पहिले कडवे गेले. वडिलांचा उजवा हात खुर्चीच्या हातावर ठेका धरू लागला. दुसऱ्या कडव्याच्या सुरुवातीला रेकॉर्डीत एक बारीक आवाज झाला. टिक. धातूचा. पुढच्या समेवर पुन्हा.

मी तो रेकॉर्डीवरचा ओरखडा समजलो. ओरखडा ठराविक वेळेला येतो, पण समेवर येत नाही. तिसऱ्या वेळी तो आला तेव्हा माझ्या शेजारूनही आला. वडिलांच्या उजव्या हातात चांदीची अंगठी होती. मला कळू लागल्यापासून ती त्याच बोटात होती. खुर्चीच्या लाकडावर ती त्याच क्षणी वाजत होती. एक टिक अंतरपाटाच्या पलीकडे, एक अलीकडे, मध्ये पस्तीसेक वर्षे. अभंग संपेपर्यंत मी मोजले. चौदा.

सुई उचलल्यावर वडील बोलले. कोणी विचारले नव्हते.

"लगीन नुकताच झालेला. सासऱ्यान घातलेली अंगठी. निघाकच तयार नाय. साबण लावलो, तेल लावलां. शेवटी वर दोरो गुंडाळलो आणि बसलंय वाजवक. दुसऱ्या कडव्याक दोरो सुटलो."

"मग पुन्हा का नाही घेतलं?" गृहस्थ अंतरपाटाच्या बाजूने डोकावून म्हणाले.

"बुवांचो आवाज बसत इलेलो. परत घेतला असता तर त्यांचा वाटोळा झाला असता. मियां कोणाक सांगूक नाय."

"आणि नंतर? मामा इतकी वर्षं थट्टा करतो," मी म्हणालो. "एकदा तरी सांगायचं."

"काय सांगूचा? वाजवताना अंगठी लागता, ही चूक. आपली चूक पुढे करून 'ह्यो बघा मी' म्हणान सांगूचा?"

आता प्रश्न सरळ होता. सोनेरी यंत्र घेतले असते तर पखवाज सर्वांना ऐकू आला असता, चूक कोणाला कळली नसती, आणि तो पखवाज कोणाचाही असू शकला असता. करडे यंत्र घेतले तर पखवाज वडिलांचा होता आणि चूकही. गृहस्थांनी मधला मार्ग सुचवला. करड्या यंत्राला उंच सूर कमी करायचे वेगळे बटण होते. ते अर्धे फिरवले की अंगठी बुडते, बोटे थोडी गढूळ होतात, पण निभावते.

"कुठला देऊ?"

वडिलांनी अंतरपाट स्वतःच्या हाताने बाजूला केला आणि दोन्ही यंत्रे बघितली. सोनेरी यंत्राच्या काचेवरून बोट फिरवले. मग म्हणाले, "ह्यो दिसाक बरो." आणि करड्याकडे हात केला. "ह्यो बांध."

व्हॉल्व्ह काढून गृहस्थांच्या पत्नीने दिलेल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळले होते. ते वडिलांच्या मांडीवर, यंत्र माझ्या. मुलुंड आल्यावर त्यांनी एवढेच सांगितले, "घरात काय बोला नको." मी बोललो नाही. आईलाही नाही.

साठीशांतीचा होम सकाळी आटोपला. जेवणे झाली. दुपारी तीनच्या सुमारास बाहेरच्या खोलीत सतरंजीवर माणसे भिंतीला टेकून बसली होती. यंत्र मी दहा मिनिटे आधी चालू केले. व्हॉल्व्ह लाल होऊ लागले.

"ह्यो काय देव्हारो रे भाच्या?" मामा म्हणाला. "नारळ फोडूचो आसा?"

"थांब जरा, तापू दे."

"तापू दे? भावोजींचो पखवाज काय भजी आसा?"

हशा झाला. मंडळातल्या एका म्हाताऱ्याने विचारले, "तीच रेकॉर्ड काय रे?" तीच, असे मी सांगितले. वडील दाराशेजारी खुर्चीवर बसले होते, खांद्यावर सकाळची शाल. त्यांच्याकडे बघून काही कळत नव्हते. चार खुणांचे बटण मी तिसऱ्या खुणेवर ठेवले आणि बोटे उंच सुरांच्या बटणावर. ते अर्धे फिरवायचे मी मनाशी ठरवले होते. वडिलांना विचारले नव्हते.

सुई टेकवली. खरखर, मग बुवा. पहिल्या आवर्तनाला पखवाज आला आणि सतरंजीवरची तीन-चार माणसे सरळ बसली. "वा," कोणीतरी म्हणाले. मामा स्पीकरकडे बघू लागला. इथेच थांबता आले असते. पहिले कडवे संपत आले तसे मी बटण फिरवायला सुरुवात केली.

"हात काढ," वडील म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितले.

"हात काढ रे."

मी बटण मागे आणून हात काढला. दुसरे कडवे सुरू झाले. टिक.

मामाने पहिल्या दोन समा जाऊ दिल्या. तिसऱ्याला तो बोलला. "ह्यां काय टिक टिक? मशीन बिघाडला तुझा! आदीच सांगी होतंय, जुनी वस्तू घेव नको."

कोणी उत्तर द्यायच्या आत स्वयंपाकघराच्या दारातून आई बोलली. ती हात पुसत उभी होती. आमच्या घरात रेकॉर्ड चालू असताना ती बाहेर येत नसे. तिला त्यात रस नव्हता, असे आम्ही समजत होतो.

"मशीन नाय बिघाडला," ती म्हणाली. "गप रव. ती अंगठी आसा."

"कसली अंगठी?"

"आपल्या बाबांनी घातलेली. तांब्याक लागता, दाराच्या कडीक लागता, पाटाक लागता. एवढी वरसां ऐकतंय. माका कळाचा नाय?"

तिला कोणी काही सांगितलेले नव्हते. वृत्तपत्राच्या भाषेत दुसरीकडून मिळालेला दुजोरा म्हणतात तो हाच. तो स्वयंपाकघराच्या दारात सगळा वेळ उपलब्ध होता आणि तिथे विचारायचे कोणाला सुचले नव्हते. मलाही नाही.

 वडिलांनी हात खुर्चीच्या लाकडावर ठेवला. पुढच्या समेला दोन्ही टिक एकदम आल्या. त्याच्या पुढच्या समेलाही. मंडळातला म्हातारा पुढे सरकून वडिलांच्या हाताकडे बघत होता, मग स्पीकरकडे, मग पुन्हा हाताकडे. अभंग संपला तेव्हा तो म्हणाला, "अंगठी काढूक नाय रे तू? बुवांनी कसा काय चालवन घेतल्यानी?"

"बुवांका कळला नाय," वडील म्हणाले. "चूक माझी. वाजवलंय पण मीच."

इतकी वर्षे एकट्याने सांगितलेली गोष्ट त्यांनी आता पंचवीस माणसांपुढे सांगितली आणि तीही चुकीसकट. त्यांची मान ताठ होती. माझीही असावी. माझ्या बाबतीत ते दुसऱ्या कोणाला सांगता येईल. मी वडिलांकडे बघत होतो.

मामा बराच वेळ सतरंजीवरचा धागा ओढत बसला. तो हरला की असे करतो, हे आईला माहीत होते. ती त्याच्याकडे बघून हसत होती. मग एकाएकी त्याने मान वर केली.

"अंगठी कोणाची?" त्याने विचारले. "आमच्या बाबांनी घातलेली ना? म्हणजे रेकॉर्डीत आमच्या घराचो पण वाटो आसा!"

"आसा," वडील म्हणाले.

"मग लेबलावर नाव व्हया. पखवाज: भावोजी. अंगठी: आमची."

त्या दुपारी रेकॉर्ड चार वेळा लागली. दोनदा मामाने लावायला लावली. तिसऱ्यापासून सगळी सतरंजी दुसऱ्या कडव्याची वाट बघू लागली, आणि पहिली टिक आली की हुंकार उठे.

पुढे मामा चारकोपहून कोणाकोणाला घेऊन येऊ लागला. कंपनीतला एक मलयाळी फोरमनही एकदा आणला होता. त्याला अभंगातले अक्षर कळत नव्हते. "थोडा ठैर," मामा त्याला पहिल्या कडव्यात बजावत होता. "दुसरेमें हमारा है."

रेकॉर्ड कपाटाच्या वरच्या फळीवर परत गेली नाही. ती यंत्राच्या शेजारी उभी असे. एलपी लावायची असली तर बटणाला मी हात लावी. अभंग लावायचा असला की वडील खुर्चीतून उठत, यंत्र चालू करून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, दहा मिनिटे भरली की चार खुणांचे बटण स्वतःच्या हाताने तिसऱ्या खुणेवर नेत आणि मग उंच सुरांचे बटण जागच्या जागी आहे ना, ते बोटाने चाचपून बघत.